सावळगींच्या घरातले उलटे बोर्ड

“अण्णा, तुमच्या घरातले प्लग सगळे डोक्यावर उभे हायत की ओ!”

सावळगी अण्णांचे बेळगावचे जावई हॉलच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डरची पिन हातात धरून उभे होते आणि हसत होते. घरभरणीची पहिली पंगत नुकतीच बसली होती. मी हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची बादली घेऊन दुसऱ्या ओळीत वाढत होते. ते शब्द कानावर पडले आणि माझी पळी बादलीतच राहिली.

“डोक्यावर म्हंजे?” अण्णांनी विचारलं.

“हे बघा. ह्या मोठ्या भोकाची जागा वर. अर्थिंगचं असतंय ते. हितं ते खाली आलंय. आता पिन घातली की वायर बघा कुठं जाती.” जावयांनी पिन घातली. खाली लोंबायची ती वायर वर आभाळाकडे निघाली आणि मध्येच मान टाकून वाकली. पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. “नवीन घर, नवीन पद्धत!” असं कुणीतरी म्हणालं, आणि द्रोणावर वाकलेली दोन-चार डोकी हसायला लागली.

अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले, मग आतल्या खोलीत, मग देवघरात. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा त्यांच्याच गोदामातल्या मिरचीसारखा झाला होता. गडहिंग्लजच्या बाजारात अण्णांचा शब्द चालायचा. अशा माणसाच्या नव्या घरावर त्याच्याच जावयानं पाहुण्यांसमोर बोट ठेवलं होतं.

“सगळेच तसे हायत,” ते म्हणाले. “शिवलिंगला बोलवा.”

शिवलिंग म्हणजे माझे यजमान. गावात त्यांना सगळे वायरमन म्हणत. मी नाव घेत नसे, नुसतं ‘हे’ म्हणायची. हे बाहेर मांडवात होते. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, आणि चेहऱ्यावर आज आपला दिवस आहे असा आनंद. तो आनंद खोटा नव्हता. अण्णांचं मंगल कार्यालय संकेश्वर रस्त्याला उभं राहत होतं. ‘आधी घराचं काम बघतो, मग कार्यालयाचं तुलाच देतो,’ असं त्यांनी तोंडभरून सांगितलं होतं. त्या कामाकडे आम्ही घरातली चारही माणसं डोळे लावून बसलो होतो, कारण वर्षभर ह्यांना धड काम नव्हतं. मोठी मुलगी सातवीत, धाकटी चौथीत. अण्णा नाही म्हणाले तर आम्हाला गाव सोडून ह्यांच्या भावाच्या दारात जावं लागणार होतं, आणि त्या दाराशी माझी जाऊ उभी असायची.

आता बोर्डांचं सांगते. तेव्हा भिंतीत लाकडी पेटी बसवायची आणि तिच्यावर सनमायकाचं झाकण स्क्रूनं आवळायचं अशी पद्धत होती. बटणं, प्लग, सगळं त्या झाकणावर आधी बसवून घ्यायचं. ह्याला बोर्ड भरणं म्हणतात. सावळगींच्या घराचे बोर्ड मी भरले होते. दोन वर्षं सगळे बोर्ड मीच भरत होते.

सुरुवात ह्यांनीच केली. एके दिवशी दुपारी माझ्यासमोर झाकण, पक्कड आणि वायरची भेंडोळी ठेवून म्हणाले, “नीला, तुझी बोटं बारीक. जरा बघ जमतंय का.” मला जमलं. नुसतं जमलं नाही, आवडलं. शेवया वळण्यापेक्षा मला स्क्रू आवळणं बरं वाटायला लागलं. मग हे शेजारी भिंतीला टेकून बसायचे आणि माझी फिरकी घ्यायचे. “सांग बघू लाल कुठली? काळी कुठली? परीक्षा घेतो तुझी.” मी ती ती वायर त्यांच्या हातात द्यायची. “पास,” म्हणायचे आणि ती जोडायला घ्यायचे. त्याच सुमाराला त्यांनी हाताखालचा माणूस काढून टाकला. कामात बडबड फार करतो म्हणाले. मला खरंच वाटलं. हे कौतुकानं गावभर सांगत फिरायचे, आमच्या घरात बोर्ड बायको भरते. त्या कौतुकानं मी फुगून गेले होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

अण्णांच्या बायकोला, शांताक्कांना, प्लग डाव्या हाताला हवे होते. नेहमी आम्ही ते उजवीकडे ठेवायचो. शांताक्का म्हणाल्या, बटणं उजव्या हाताला बरी पडतात, वायर मध्ये लोंबायला नको. मी प्रत्येक झाकणावर प्लग डावीकडे घेतला, मोठं भोक वर ठेवलं, आणि झाकणाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं वर तोंड केलेला बाण काढला, म्हणजे बसवताना घोळ नको. ह्यांना तोंडानंही सांगितलं. “व्हय, व्हय,” म्हणाले. घरभरणीच्या आदल्या संध्याकाळी एकट्यानं जाऊन सगळे बोर्ड बसवून आले. लाइट लागते का बघितलं, लागली, घरी आले.

“शिवलिंग, हे काय रे?” अण्णांनी पंगतीसमोरच विचारलं.

हे त्या बोर्डाजवळ गेले. प्लगवर बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मला वाटलं, आता म्हणतील चुकलं, संध्याकाळी सुलटे करून देतो. तेवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. अण्णा तापट असले तरी दुष्ट नव्हते.

हे वळले आणि हसले.

“अण्णा, बोर्ड मी कुठं भरतोय? बायको भरती. बायकांच्या हातात काम दिलं की असंच हुतंय बघा. उलटं काय आन सुलटं काय, त्यांना सगळं सारखंच.”

पंगत हसली. वाढणाऱ्या बायका हसल्या, शांताक्का पदर तोंडाला लावून हसल्या. जावई म्हणाले, “भाकरी दोन्हीकडनं भाजायची सवय असती न्हवं त्यांना!” आणि मग सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी बादली धरून मधोमध उभी. इतकी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती. दोन वर्षं ज्या कामाचं कौतुक झालं ते ह्याच माणसानं, ह्याच तोंडानं, चारचौघांत उकिरड्यावर टाकलं होतं.

मी बोर्डाकडे बघितलं. प्लग उजवीकडे होता. मी डावीकडे भरला होता. मग मी वर बघितलं. पंखा फिरत होता, सकाळीच कुणीतरी चालू केलेला. आणि पंख्याचं बटण वरच्या बाजूला होतं.

बादली खाली ठेवली. बोर्डापाशी गेले आणि ते बटण खाली केलं. आपल्याकडे बटण खाली केलं की चालू होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पंखा थांबला.

“अण्णा,” मी म्हटलं, “मी प्लग उलटे भरले असते तर बटणं तरी सुलटी असती. बटणंबी उलटीच हायत. शांताक्कांनी प्लग डावीकडं मागितला हुता. तो कुठं आलाय बघा. मी भरलं ते बरोबर हाय. झाकणच फिरवून बसीवलंय.”

शांताक्कांचं हसू थांबलं. “व्हय की. मी डावीकडंच म्हटलेलं,” त्या म्हणाल्या.

“आन खोटं वाटत असंल तर झाकण खोला. मागं माझा बाण हाय. पेन्सिलीचा. बाणाचं तोंड वर असंल तर चूक माझी. खाली असंल तर...”

अण्णांना आता यात रस वाटायला लागला होता. बाजारात रोज दोन बाजू ऐकून निवाडा करायची सवय त्यांना. “खोल रे शिवलिंग,” ते म्हणाले. “बघूया तरी नवरा खरा का बायको.” माणसं पानावरून उठून जवळ आली. उष्ट्या हातांनी.

ह्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. डाव्या हाताच्या बोटानं आधी स्क्रू चाचपला, मग बोटाला लागून टोक नेलं. ते घसरलं. सनमायकावर ओरखडा उठला. परत बोट, परत टोक, परत घसरलं. “हात कापतोय बघा वायरमनचा,” मागून कुणीतरी म्हणालं. मी अगदी शेजारी उभी होते. ह्यांच्या मानेवरून घाम निथळत होता. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या कानाच्या बाजूला बघितलं. आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “नीला, खाच दिसंना.”

मला आधी कळलंच नाही.

“मला स्क्रूची खाच दिसंना. लई दिस झालं. आता नको खोलूस.”

त्या क्षणी मला सगळं कळलं. बारीक बोटांचं कौतुक, लाल-काळ्याची परीक्षा, काढून टाकलेला माणूस, सगळं. दोन वर्षं माझे डोळे वापरून हा माणूस वायरमन राहिला होता. आणि काल संध्याकाळी एकट्यानं, सावकाश बोटांनी स्क्रू शोधत, बाण न दिसता, नेहमीच्या सवयीनं प्लगची बाजू चाचपून उजव्या हाताला घेऊन त्यानं बोर्ड टांगले होते.

तेव्हाही माझ्या हातात होतं. ‘राहू द्या, जेवणं होऊ द्यात, संध्याकाळी बघू’ एवढं म्हणायचं होतं. ‘बाण मीच उलटा काढला असेल’ असंही म्हणता आलं असतं. लोक हसले असते, परत पानावर बसले असते, आणि दोन दिवसांत विसरले असते. पण ते हसणं अजून माझ्या कानात होतं. भाकरीचं वाक्य अजून कानात होतं. मला कळलं होतं, आणि कळूनही माझा राग उतरला नव्हता. उलट वाटलं, मला सांगितलं नाही, माझ्यापासून लपवलं, आणि वर मलाच उभं केलंत? भोगा आता.

मी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. चार स्क्रू खोलले. झाकण पुढे ओढून अण्णांना मागची बाजू दाखवली.

बाणाचं तोंड खाली होतं.

हॉलमध्ये असा हशा झाला की बाहेरच्या मांडवातली माणसं आत धावली. “शिवलिंग, लेका, बायकोवर ढकलतोस व्हय?” अण्णा म्हणाले. जावयांनी टाळी वाजवली. बायकांनी मला मध्ये घेतलं. एकीनं माझ्या पाठीवर थाप मारली, “बरं केलंस बाई, असंच पायजे ह्यांना.” मी त्यांच्यामध्ये उभी राहून हसले. हो, हसले. आणि हे भिंतीपाशी उभे होते, रिकामा हात अजून स्क्रूड्रायव्हर धरल्यासारखा पुढे.

“चुकलं अण्णा,” ते म्हणाले. “घाईत फिरवून बसीवलं. आन तिच्यावर ढकललं. माझंच खोटं.”

दुपारभर मी सगळे बोर्ड खोलून सुलटे बसवले. हे माझ्या मागे पिशवी धरून उभे राहिले. लोक येऊन बघून जात होते. निघताना अण्णा म्हणाले, “कार्यालयाचं काम तुम्हालाच. पण बोर्ड वैनीच बसवणार. ह्याचं काय खरं न्हाई.” आमचं गाव सुटलं नाही. जावेचं दार बघावं लागलं नाही. ज्याची भीती होती ते टळलं, आणि घरी जाताना माझ्या डोळ्यांसमोर तो पुढे राहिलेला रिकामा हात होता.

ओढ्याच्या पुलावर आलो.

“मला का सांगितलं न्हाई?” मी विचारलं.

“सांगून काय? तू डॉक्टरकडं नेलं असतंस. गावात झालं असतं, वायरमनला दिसंना. मग कोण घरात घेतंय? लोकं म्हटली असती, ह्यानं आमच्या भिंतीत काय करून ठेवलंय कुणास ठाऊक. रात्रीच्या झोपा उडाल्या असत्या त्यांच्या.”

“म्हणून माझ्यावर ढकललं?”

“तुझ्या चुकीला लोक हसत्यात, नीला. माझ्या चुकीला भ्याली असती.” थोडं चालून म्हणाले, “लई वाईट बोललो मी. बायकांना सगळं सारखं, असलं बोलायला नको हुतं. पण तोंडाला तेच आलं.”

मला म्हणायचं होतं की मी ऐकलं होतं, तुम्ही ‘नको खोलूस’ म्हणालात ते मी नीट ऐकलं होतं. त्यांना वाटत असावं की खाच दिसत नाही एवढंच मला ऐकू आलं, त्या गलक्यात पुढचं ऐकू आलं नाही. त्यांनी तसं कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. एकाच अंथरुणावर झोपून एवढी वर्षं हे एक वाक्य आमच्यामध्ये न बोलता पडून राहिलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. कडेचं दिसत राहील, समोर धरलेलं पुसट होत जाईल. औषध नाही. मग मी टेस्टर घेऊन, त्या दोन वर्षांत ह्यांनी केलेल्या एकेका घरी गेले. ‘सहज तपासणी’ म्हणायची, ‘फुकट आहे’ म्हणायची, चहा घ्यायची, आणि जीव मुठीत धरून एकेक बोर्ड खोलायची. कुठं लाल-काळी उलटी असेल, कुठं अर्थिंग सुटं असेल, आणि त्या घरातलं एखादं पोर ओल्या हातानं पिन घालत असेल, असं माझ्या मनात सतत यायचं. एकाही घरात चूक सापडली नाही. एकाही. वायरी कातरलेल्या एकसारख्या, स्क्रू आवळलेले घट्ट. नुसत्या बोटांनी केलेलं ते काम बघून मी एका अनोळखी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडले, आणि त्या घरातली बाई विचारत राहिली, “काय झालं ओ? शॉक बसला काय?”

पुढे मी परीक्षा देऊन वायरमनचं लायसन काढलं. ह्यांची नजर पार गेली तेव्हा लोकांनी हळहळ केली, पण ते सगळं नंतरचं, म्हातारपणाचं, असंच सगळे समजले. घरभरणीची गोष्ट मात्र गावात राहिली. लबाड नवरा आणि हुशार बायको. लग्नाच्या पंगतीत, बचत गटाच्या बैठकीत लोक ती सांगायचे. ह्यांच्यासमोर सांगायचे. हे हसायचे आणि म्हणायचे, “लबाडी केली की असं हुतंय बघा.”

गेल्या वर्षी नगर वाचनालयाच्या हॉलमध्ये माझा सत्कार झाला. तालुक्यातली पहिली बाई वायरमन. शाल, श्रीफळ, भाषणं. अध्यक्षबाईंनी ती गोष्ट रंगवून सांगितली. पंखा थांबला तिथं टाळ्या पडल्या, बाणाचं तोंड खाली होतं तिथं पुन्हा पडल्या. ‘पुरुषी खोटेपणाला एका बटणात उत्तर,’ असं त्या म्हणाल्या. हे पहिल्या रांगेत बसले होते, धाकट्या मुलीच्या शेजारी, मान माइकच्या आवाजाकडे कलती करून.

मी ठरवून आले होते. आज सांगायचं. त्या माणसाला तेव्हाच दिसत नव्हतं, त्यानं मला ‘नको खोलूस’ म्हटलं होतं, आणि मी ऐकूनही खोललं. ती सगळी घरं मी तपासली आहेत, आता कुणी घाबरायचं कारण नाही. वाक्यं आठ दिवस घोकली होती.

माइकपुढे उभी राहिले. म्हटलं, “त्या दिवशीचं खरं काय ते मला सांगायचंय.”

ह्यांनी मान वर केली. काय येतंय ते त्यांना कळलं असावं. मी तोंड उघडायच्या आत ते पहिल्या रांगेतून मोठ्यांदा म्हणाले, “सांग की गं! कसं पकडलंस मला चारचौघांत, सांग सगळ्यांस्नी!”

सगळा हॉल हसला. माझी मुलगीही हसली.

समोर एवढी माणसं हसत होती, माझ्या अंगावर शाल होती, आणि हे माझ्या बाजूला तोंड करून वाट बघत होते.

मी कसं पकडलं तेवढं सांगितलं. टाळ्या पडल्या, आणि मी त्या घेऊन खाली बसले.